टोले मोजणारं यंत्र

वर्ध्याच्या मिशन कंपाउंडात कोणी वारलं की चर्चची घंटा वाजे आणि माणसं हातातलं काम थांबवून मोजायला लागत. मृताचं जेवढं वय तेवढे टोले, अशी तिथली पद्धत होती. दोन टोल्यांच्या मध्ये एक लांब श्वास घेता येईल एवढं अंतर असे. तिशी ओलांडली की तरुण मुलांच्या आया सैल होत. पन्नाशीच्या पुढे अंदाज सुरू व्हायचे, आणि घंटा थांबली की कुठल्या घरी जायचं हे बहुतेकांना निरोपाआधीच कळलेलं असे. कंपाउंडात चाळीसेक घरं होती. एकमेकांची वयं सगळ्यांना पाठ होती.

ही घंटा १९३९ सालापासून बबनराव ओढत. त्याबद्दल त्यांना घंटेच्या मनोऱ्याला लागून दहा बाय दहाची एक टिनाची खोली होती. पगार नावापुरता होता. खोली हीच खरी मिळकत. बायको त्या खोलीत वारली, मुलगी जयवंता त्याच खोलीतून लग्न होऊन आष्टीला गेली.

शांतवन सोनटक्के कंपाउंडात राहत नसत. टेलिफोन खात्यात मेकॅनिक म्हणून कायम झाल्यावर त्यांनी बोरगाव मेघेला दोन खोल्या बांधल्या आणि दर रविवारी पत्नी सुमतीबाईंना सायकलवर मागे बसवून ते उपासनेला येत. शर्टाच्या खिशात टेस्टर आणि घडीची पक्कड असायची. "देवाच्या घरी जाताना तरी ही हत्यारं घरी ठेवा," असं सुमतीबाई लग्नानंतरची पहिली काही वर्षं म्हणाल्या. नंतर त्यांनी शर्टाचा खिसाच जाड कापडाचा शिवून दिला.

चर्चमधला अ‍ॅम्प्लिफायर सोनटक्क्यांनी १९७१ साली स्वतः जोडला होता. पहिल्याच रविवारी तो पाद्रीसाहेबांच्या प्रार्थनेत मधूनच शिट्टी मारायला लागला, तेव्हा मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून बाहेर गेली आणि महिनाभर आली नाही. नाताळात मनोऱ्यावर फिरणारा तारा लागे, तोही त्यांचाच. शुभ शुक्रवारची तीन तासांची उपासना ते टेपच्या मोठ्या रिळांवर उतरवून घेत आणि डब्यावर तारीख, वक्त्याचं नाव आणि मिनिटं लिहून ठेवत. आशीर्वाद झाला की चर्चच्या पायरीवर त्यांच्याभोवती दुसरी मंडळी जमे. कुणाचा ट्रान्झिस्टर बंद, कुणाची इस्त्री शॉक देते.

घरी दुपारी जेवण झालं की ते रेडिओ लावून बसत. छपरावरून समोरच्या कडुनिंबापर्यंत तांब्याची तार ताणलेली होती. त्या तारेवर कुठकुठल्या देशांची स्टेशनं धरायची, वेळ आणि आवाजाची स्पष्टता वहीत टिपायची आणि त्या स्टेशनांना तसं पत्र पाठवायचं, हा त्यांचा छंद. उत्तरादाखल रंगीत कार्डं येत. ती सुमतीबाई शाळेत नेऊन मुलांना भूगोल शिकवायला वापरीत. या घरात मूल नव्हतं, आणि त्याबद्दल दोघांनी कधी कुणाजवळ काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

त्यांचा एक स्वभाव सगळ्या कंपाउंडाला माहीत होता. नुसती बऱ्यापैकी चाललेली वस्तू त्यांना सहन होत नसे. कंपाउंडातल्या शकुबाईंचा रेडिओ त्यांनी दुरुस्त करून दिला आणि पुढच्या दोन महिन्यांत तीनदा परत नेला.

"आमाले गाणं आयकू येते ना, मंग राहू द्या ना भाऊ," शकुबाई म्हणाल्या.

"मागे बारीक घुं आहे."

"मले तं नाई आयकू येत घुं."

"मला येतं," असं म्हणून सोनटक्क्यांनी रेडिओ काखोटीला मारला.

१९७७ च्या उन्हाळ्यात बबनरावांचा उजवा खांदा धरला. त्याच महिन्यात अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ वारले. बबनराव एक्केचाळिसाव्या टोल्याला थांबले, हात बदलला, आणि तेवढ्यात आकडा विसरले. घंटा छप्पन्नवर संपली. "आमच्या बापाची दोन वर्षं खाल्ली," म्हणून मृताच्या थोरल्या मुलाने दफनभूमीतच भांडण काढलं. आठवड्याने चर्चच्या पंचांची सभा झाली. प्रमुख पंच वासुदेवराव जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले होते आणि मंडळीचा कारभारही ते ठराव, अनुमोदन, नोंद अशा पायऱ्यांनीच चालवीत. धडधाकट माणूस नेमावा, असं त्यांनी सुचवलं. नव्या माणसाला खोली द्यावी लागेल आणि खोली एकच आहे, हेही त्यांनी नोंदवून घेतलं. निर्णय पुढच्या वर्षावर गेला.

बबनराव रविवारी पायरीपाशी सोनटक्क्यांची गर्दी ओसरेपर्यंत थांबले.

"शांतवन, सगळ्याइच्या डबड्याले औषध देतं. माह्या खांद्याले हाय का काही?"

"खांदा डॉक्टर पाहतील, काका. घंटेचं मी पाहतो."

"घंटेले काय धाड भरली? घंटा तं ठणठणीत हाय. मीच ढिला झालो."

सोनटक्के हसले नाहीत. ते वर मनोऱ्याकडे पाहत होते.

पुढचे सहा महिने त्यांचा रेडिओ बंद राहिला. नागपूरला एका जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचं भंगार लिलावात निघालं होतं. त्यातून एका भंगारवाल्याकडे गेलेली आकडे मोजणारी फिरती स्विचं त्यांनी शोधून आणली. घंटेवर हातोडा उचलून टाकायला सावकाश चालणारी, ताकदीची मोटर हवी होती. ती कारंजा घाडग्याला हायवेवरच्या एका ट्रकच्या गॅरेजात मिळाली. ट्रकच्या वायपरची मोटर.

"गाडी कोणती तुमची?" मिस्त्रीने विचारलं.

"गाडी नाही. चर्चमध्ये बसवायची आहे."

मिस्त्रीने मोटर फडक्याने पुसत त्यांच्याकडे पाहिलं. "काऊन? देवाच्या काचेवर पाणी येते का?"

यंत्र साधं होतं, निदान वापरायला. भिंतीवर टेलिफोनचा एक डायल. मृताचं वय सदुसष्ट असेल तर सहा आणि सात फिरवायचं. वर मनोऱ्यात स्विचं तो आकडा धरून ठेवीत, मोटर चालू होई, हातोडा सारख्या अंतराने सदुसष्ट वेळा पडे आणि आपोआप थांबे. डायल सोनटक्क्यांनी मुद्दाम बबनरावांच्या खोलीत, खाटेजवळ बसवला. "डायल तिथे असला की माणूसही तिथेच राहील," असं ते सुमतीबाईंना म्हणाले. खोली वाचवायची, एवढ्याचसाठी हे सगळं चाललं होतं. बबनरावांना ते ठाऊक होतं, आणि वासुदेवरावांनाही.

माणूस मेल्याशिवाय घंटेचे टोले देता येत नसल्यामुळे चाचणी हातोड्याला पोतं गुंडाळून झाली. १९७८ च्या जानेवारीत उपासनेच्या वेळी यंत्राचं रीतसर समर्पण झालं. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली, वासुदेवरावांनी इतिवृत्तात लिहिलं: शांतवन सोनटक्के यांनी मंडळीस अर्पण. लिहिताना त्यांनी 'स्वखर्चाने' हा शब्द घातला. सोनटक्क्यांनी तो काढायला लावला, कारण हातोडा चर्चचा जुनाच होता.

पहिले टोले बहात्तर पडले. बबनराव डायल फिरवून, टोपी काढून, दारात उभे राहिले आणि शेवटपर्यंत ओठांनी मोजत होते.

"आज काकाचा हात लई सरळ पडून राह्यला," शकुबाई शेजारणीला म्हणाल्या. त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

पंचांनी बबनरावांना 'घंटा चालक' म्हणून कायम ठेवलं.

मग १९७९ चा मे महिना. त्रेसष्ट वर्षांच्या एक बाई वारल्या. भर दुपारी यंत्र चालू झालं आणि सव्विसाव्या टोल्यानंतर वीज गेली. घंटा थांबली.

शकुबाईंचा मुलगा सव्वीस वर्षांचा होता आणि कावीळ होऊन नागपूरच्या दवाखान्यात पडला होता. त्या हातातली बादली ठेवून रस्त्यावरच खाली बसल्या. आजूबाजूच्या बायकांना समजलं, त्या धावल्या, एकीने रडायला सुरुवातही केली. तोवर बबनरावांनी मनोऱ्याचं दार उघडून दोर धरला होता. सत्ताविसावा टोला पडायला चार-पाच मिनिटं लागली असतील. उरलेले सदतीस टोले त्यांनी डाव्या हाताने, थांबत थांबत दिले. मुलगा पुढे बरा होऊन घरी आला. पण त्या दिवसापासून शकुबाई घंटा वाजली की घराची दारं लावून आत बसू लागल्या.

पुढच्या सभेत वासुदेवरावांनी विषय काढला. "वीज बोर्डाची आहे, आपली नाही. तेव्हा यंत्रापाशी दोर घेऊन माणूस बसलाच पाहिजे. बबनराव राहतील." सगळ्यांनी मान डोलावली. यंत्राची उणीव आता बबनरावांची नोकरी झाली होती. त्यांनाही ते कळलं, आणि ते सगळीकडे सांगत सुटले.

"बोर्डवाल्याइचे उपकार हायेत माह्यावर. लाइन जाते म्हून मी हाय."

सोनटक्क्यांना हा विनोद आवडला नाही. घंटा मध्येच थांबली त्या दुपारनंतर शकुबाई त्यांना पायरीवर भेटल्या तेव्हा त्यांनी पदर सावरून वाट बदलली होती. टेलिफोन खात्यात कुणी विचारलं तर ते आपल्या यंत्राविषयी बोलेनासे झाले. वहीत त्यांनी वीज जाण्याचे दिवस आणि वेळा लिहायला सुरुवात केली. दीड वर्षात त्या वहीची एकोणीस पानं भरली. १९८० च्या हिवाळ्यात ते पुन्हा कारंज्याला गेले आणि ट्रकच्या दोन बॅटऱ्या घेऊन आले.

सुमतीबाईंनी त्या ओसरीत उतरवताना पाहिल्या.

"हे कशाला?"

"वीज गेली की क्षणात बॅटरीवर जाईल. टोला चुकणार नाही."

"आणि बबनकाका?"

"डायल फिरवायला ते आहेतच."

"डायल मीही फिरवीन," सुमतीबाई म्हणाल्या. "थोडं बिघडलेलं राहू द्या ना. त्या बिघाडावर एक माणूस जगतो आहे."

"बिघाड माहीत असून ठेवायचा?"

"हो."

"आणि पुन्हा कुणाच्या आईला रस्त्यावर बसवायचं? शकुबाईंना जाऊन तू सांगशील?"

सुमतीबाईंनी ओसरीतली सतरंजी ओढून बॅटऱ्यांना जागा केली.

बॅटऱ्या बसवताना बबनराव खाटेवर बसून पाहत होते. एका खांद्यावर गरम विटेचा शेक चालला होता.

"हे कायले करून राह्यला रे शांतवन?"

"आता लाइन गेली तरी थांबणार नाही, काका."

"मंग मी कायले?"

"डायल फिरवायला जबाबदार माणूस लागतो."

"जबाबदार." बबनरावांनी वीट दुसऱ्या बाजूने धरली. "त्या वासुदेवरावाले सांगजो हे. माह्यापेक्षा चांगलं सांगता येते तुले."

फेब्रुवारी १९८१ मध्ये वासुदेवराव स्वतः पाहायला आले. त्यांनी आधी मेन स्विच बंद करायला लावला. मग पाद्रीसाहेबांच्या पत्नीला, ज्यांनी त्या यंत्राला कधी हात लावला नव्हता, डायल फिरवायला सांगितलं. त्यांनी पंधरा फिरवला. पोत्यात गुंडाळलेला हातोडा पंधरा वेळा पडला. वीज मध्येच चालू केली, परत बंद केली. फरक पडला नाही. सोनटक्के बाजूला उभे राहून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते. बॅटरी किती तास चालते, महिन्यातून एकदा पाणी घातलं तर पुरतं का, डायल दुसरीकडे नेता येतो का. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी "येतो, तार पुरेल," असं सांगितलं. ते खोटं बोलले असते तर वासुदेवरावांना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

सभा त्याच आठवड्यात झाली. सोनटक्के पंच नव्हते, पण त्यांना बोलावलं होतं.

"घंटेला आता माणूस लागत नाही, हे सोनटक्क्यांनी सिद्ध करून दाखवलं," वासुदेवराव म्हणाले. "मंडळी त्यांची ऋणी आहे. डायल पाद्रीसाहेबांच्या कचेरीत न्यावा. खोलीत बॅटऱ्या राहतील, रविवारच्या शाळेच्या खुर्च्या पावसात भिजतात त्याही ठेवता येतील. बबनरावांना मुलगी आहे."

"मग मी यंत्र काढून नेतो," सोनटक्के म्हणाले.

"ते मंडळीचं आहे." वासुदेवरावांनी इतिवृत्ताचं जुनं पान उघडून पुढे केलं. "तुम्ही अर्पण केलंय. शब्द तुम्हीच तपासून घेतले होते."

हे पाद्रीसाहेब नवे, तरुण होते आणि दोन वर्षांपूर्वीच आले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ठराव मंजूर झाला. बबनरावांना ईस्टरपर्यंत मुदत मिळाली.

घरी आल्यावर सुमतीबाईंनी एकच वाक्य उच्चारलं. "एक तार सैल करा."

दुसऱ्या दिवशी सोनटक्क्यांनी अर्धी रजा घेतली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते मनोऱ्यात चढले. खाली बबनराव खोलीच्या दारात बसले होते. त्यांनी पाहिलं. सोनटक्के वर तासभर होते. एक तार, दोन आटे. यंत्र पुढच्या मरणाला अडखळलं असतं, पंच घाबरले असते आणि खोली राहिली असती. त्याच वेळी कंपाउंडातल्या कुठल्यातरी दारात कुणीतरी चुकीचा आकडा मोजत उभं राहिलं असतं. तासाभराने ते उतरले तेव्हा हात काळे झालेले होते. त्यांनी स्विचांचे संपर्कबिंदू साफ केले होते.

"झालं?" बबनरावांनी विचारलं.

"धूळ होती."

बबनरावांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुह्यानं नाई होत रे ते. मले मालूम होतं."

बोरगावला आपल्या घरी चला, असं सोनटक्क्यांनी सुचवलं. सुमतीबाई येऊन पुन्हा म्हणाल्या. बबनरावांनी दोन्ही वेळा नकार दिला. "तुमच्या घरी राहीन तं याले रोज मी दिसीन. मंग हा रेडिओ कवा आयकन?" ईस्टरनंतरच्या मंगळवारी ते आष्टीच्या एसटीत बसले. ट्रंक सोनटक्क्यांनी टपावर चढवून बांधली. जयवंताच्या नवऱ्याचं घर लहान होतं आणि माणसं सात होती, हे सगळ्यांना माहीत होतं. गाडी गेल्यावर सोनटक्के कंपाउंडात परत आले आणि त्यांनी भिंतीवरचा डायल काढला, कारण तो त्याच दिवशी कचेरीत बसवायचा ठरला होता.

यंत्र उत्तम चाललं. पुढच्या तीन वर्षांत चौदा माणसं गेली आणि एकही टोला चुकला नाही. सोनटक्के महिन्यातून एकदा खोली उघडून बॅटऱ्यांत पाणी घालत. उपासनेनंतर पायरीवरची गर्दीही होती, पण ते वस्तू घेऊन मुकाट्याने घरी नेत आणि पुढच्या रविवारी परत करीत. १९८२ साली कंपाउंडात पहिला टीव्ही आला तेव्हा त्याचा अँटेना कुणाकडून बसवायचा, हा प्रश्नच नव्हता. त्यांनी बसवला. चित्र मात्र थांबून पाहिलं नाही. नाताळचा फिरणारा तारा पुढे तसाच फिरत राहिला, नवीन काही त्यांनी चर्चसाठी केलं नाही.

१९८४ च्या नोव्हेंबरात आष्टीहून पोस्टकार्ड आलं. जयवंताने लिहवून घेतलेलं. बाबा मागच्या बुधवारी गेले, इथेच माती दिली, तिकडच्या घंटेत त्यांचे टोले व्हावेत अशी त्यांची इच्छा होती. बबनराव आता या मंडळीचे सभासद नाहीत, असं वासुदेवरावांनी निदर्शनास आणलं. पाद्रीसाहेबांनी या वेळी खिडकीबाहेर पाहिलं नाही. रविवारी उपासनेनंतर टोले होतील, एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी सोनटक्क्यांना बोलावलं.

दोघे कचेरीत डायलसमोर उभे राहिले.

"वय?" सोनटक्क्यांनी विचारलं.

पोस्टकार्डावर वय नव्हतं. पाद्रीसाहेबांनी बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढलं. मार्च १९१९. इन्फ्लुएंझाच्या साथीत अनाथ झालेला मुलगा. आईबापांची नावं अज्ञात. वय अंदाजे चार ते सहा.

"म्हणजे एकोणसत्तर ते एक्काहत्तर," पाद्रीसाहेब म्हणाले.

"यंत्राला एक आकडा लागतो."

"मधला घ्या. सत्तर."

"तो खरा नसेल."

"नसेल." पाद्रीसाहेबांनी रजिस्टर मिटलं. "पण द्यावा तर लागेल, सोनटक्के."

दोर होता. मनोऱ्यात अजून लोंबत होता, आणि तो ओढणाऱ्याला मध्येच थांबता आलं असतं, एक जास्त देता आला असता किंवा कमी. सोनटक्के तेव्हा पन्नास वर्षांचे होते आणि त्यांचे दोन्ही खांदे शाबूत होते. त्यांनी डायल फिरवला.

सत्तर टोले सारख्या अंतराने पडले. उपासनेहून परतलेली माणसं कंपाउंडात जागोजागी थांबली, मोजत राहिली, आणि सत्तरावर घंटा थांबली तेव्हा एकमेकांकडे पाहायला लागली. सत्तर वर्षांचं कंपाउंडात कुणीच नव्हतं, आणि उपासनेत काही जाहीर झालेलं नव्हतं. कुणाच्या घराकडे जावं, हे कळेना. काही जण वासुदेवरावांच्या घराकडे दोन पावलं चालून थांबले, कारण ते सत्तरीच्या जवळ आले होते. थोड्या वेळाने ज्याने त्याने आपापलं दार गाठलं.

शकुबाईंनी मात्र या वेळी दार उघडून सोनटक्क्यांना हाक मारली. त्या घटनेनंतर पहिल्यांदाच.

"कोन गेलं हो भाऊ?"

"बबनकाका."

"आपले बबनकाका?" त्या उंबऱ्यावर बसल्या. "सत्तर म्हनता? मले तं नेहमी पंच्याहत्तर सांगत होते."

"खोली जाऊ नये म्हणून पंचांना बासष्ट सांगत होते," सोनटक्के म्हणाले.

"मंग खरं किती?"

"माहीत नाही."

त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढली. बॅटऱ्यांत पाणी घालायचा दिवस होता. आत खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि बॅटऱ्यांपर्यंत पोहोचायला त्यातल्या चार बाहेर काढाव्या लागत. त्यांनी चार खुर्च्या बाहेर काढल्या, एका बॅटरीची सहाही झाकणं उघडून तिच्या प्रत्येक घरात खुणेपर्यंत पाणी घातलं, मग दुसऱ्या बॅटरीतही. खुर्च्या परत आत रचल्या आणि कुलूप लावलं. सुमतीबाई सायकलजवळ उभ्या होत्या.